गंमत कुणाची, राजकारण कुणाचं?

प्रोग्रामर लोकांच्या प्रत्येक ऑनलाइन समुदायात अवांतर गप्पांसाठी एक खोली राखलेली असते. स्लॅकवर नवी जागा उघडली की ‘जनरल’च्या शेजारी ‘रँडम’ आयतंच मिळायचं. आयआरसी या जुन्या गप्पांच्या जाळ्याच्या जमान्यात पायथॉन, उबुंटू यांच्या मुख्य चॅनेलच्या जोडीला ‘ऑफटॉपिक’ नावाचं दुसरं चॅनेल असायचं. कंपनीच्या टीम्सवर, कॉलेजच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या डिस्कॉर्डवर हीच खोली वेगवेगळ्या नावांनी सापडते. तिथे कीबोर्डचे फोटो पडतात, क्रिकेटवरून भांडणं होतात, हिंजवडीच्या वाहतुकीला शिव्या दिल्या जातात, कुणाला बाळ झालं की पेढ्यांची मागणी होते. मी अशा खोल्यांमध्येच या धंद्यात मोठी झाले. कोणत्या साहेबाला काय विचारायचं, राजीनामा कसा लिहायचा, प्रॉडक्शनवर चूक झाली तर आधी कुणाला सांगायचं, हे मला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं गेलं नाही. ते गप्पांमध्ये कळलं.

म्हणूनच या खोलीचं जे चाललं आहे ते मला सहन होत नाही. इथे काय बोलायचं आणि काय नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो, त्यांनी तो बहुतेक वेळा एकाच बाजूने वापरला आहे. वरच्याला सोयीचं असेल ते ‘गंमत’, खालच्याने प्रश्न विचारला की ते ‘राजकारण’. ही विभागणी खोटी आहे. आपण, म्हणजे इथल्या आयटीतल्या लाखो लोकांनी, ती मुकाट्याने मान्य केली आहे.

आधी, गप्पांनी कामाचा वेळ फुकट जातो म्हणणाऱ्यांचा हिशेब. हे लोक जे जाळं वापरून आपल्याला कामाला लावतात, त्या जाळ्याचा बराचसा भाग अशाच ‘फुकट’ वेळेत घडला आहे. आर्पानेट, म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज, हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेलं संशोधनाचं जाळं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यावरच्या सर्वांत लोकप्रिय पत्रयाद्यांपैकी एक होती विज्ञानकथांच्या चाहत्यांची, ‘एसएफ-लव्हर्स’. सरकारी जाळ्यावर हे काय चाललं आहे म्हणून ती मध्यंतरी बंद पाडण्यात आली. एकाच वेळी शेकडो लोकांना टपाल पोचवण्याचं तंत्र या यादीमुळेच कसाला लागतं, हा युक्तिवाद पटल्यावर ती पुन्हा सुरू झाली. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 1991 मध्ये काही संशोधकांनी ट्रोजन रूम नावाच्या खोलीतल्या कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला, कारण जिने उतरून गेल्यावर भांडं रिकामं सापडायचं. 1993 मध्ये ते चित्र वेबवर आलं, आणि वेबकॅम नावाची गोष्ट जगाला माहीत झाली. कुठल्याही व्यवस्थापकाने तिमाही उद्दिष्टांत हे लिहिलं नव्हतं.

त्याहून मोलाचा प्रसंग पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला. सप्टेंबर 1982. संगणकशास्त्र विभागाच्या ऑनलाइन फलकावर कुणीतरी कोडं घातलं: लिफ्टची तार तुटून ती खाली कोसळत असेल, तर आत पेटवलेल्या मेणबत्तीचं आणि तळाशी पडलेल्या पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल? त्यावरून दुसऱ्याने थट्टेत सूचना टाकली की भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे एक लिफ्ट पाऱ्याने दूषित झाली आहे. काहींना ती खरी वाटली. मग थट्टा ओळखू यावी म्हणून एखादी खूण हवी, यावर विभागातल्या मंडळींनी खल सुरू केला. कुणी तारांकन सुचवलं, कुणी टक्क्याचं चिन्ह. 19 सप्टेंबरला स्कॉट फालमन या प्राध्यापकाने अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस ओळीने लिहिले, आणि मान कलती करून वाचा म्हणून सांगितलं. आज जगभर फोनवर जे हसरे चेहरे धाडले जातात त्यांचं कूळ तिथलं.

हा किस्सा सगळे सांगतात, पण त्यातली जी गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती कुणी सांगत नाही. थट्टेमुळे कुणाची तरी फसगत झाली, तेव्हा त्या लोकांनी फसलेल्यांना ‘तुम्हाला विनोद कळत नाही’ असं सुनावलं नाही. आपली थट्टा समोरच्यापर्यंत नीट पोचवणं ही थट्टा करणाऱ्याची जबाबदारी आहे, हे त्यांनी गृहीत धरलं आणि त्यासाठी चिन्ह शोधलं. आपल्या आजच्या गप्पांच्या खोल्यांमधून नेमकी हीच जाणीव हद्दपार झाली आहे. तिच्याकडे पुढे येते.

आपल्या भाषांचंही या अवांतरावर ऋण आहे. 1990 च्या दशकात देवनागरी संगणकावर लिहिणं हे कष्टाचं काम होतं. अविनाश चोपडे यांनी केलेल्या आयट्रान्स या प्रणालीने रोमन अक्षरांत टंकून देवनागरी छापण्याची सोय झाली. ती सर्वांत जास्त राबवली कुणी? यूझनेट या तेव्हाच्या चर्चाजाळ्यावर हिंदी चित्रपटगीतांवर गप्पा मारणाऱ्या, परदेशी विद्यापीठांत आणि कंपन्यांत विखुरलेल्या भारतीयांनी. गाण्यांचे शब्द आठवून, एकमेकांच्या चुका दुरुस्त करून त्यांनी आयट्रान्समध्ये हजारो गाण्यांचा संग्रह उभा केला. त्याच दशकात, 1996 च्या गणेश चतुर्थीला, ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झालं आणि अमेरिकेतल्या मराठी अभियंत्यांना आपल्या गावाच्या नावाने गप्पा मारायला जागा मिळाली. यातलं काहीही कुणाच्या नोकरीच्या वर्णनात नव्हतं. मराठी लोक इंटरनेटवर मराठीत लिहू लागले ते असल्या ‘रिकामटेकड्या’ माणसांमुळे, आणि मी त्यांची ऋणी आहे.

तेव्हा गप्पांची किंमत सिद्ध करण्यात मी आणखी शब्द खर्च करणार नाही. खरा प्रश्न अधिकाराचा आहे.

तो प्रश्न 1986-87 मध्येच उघडा पडला. यूझनेटवर चर्चागटांची संख्या वाढली होती, आणि मोठ्या यंत्रांचे काही मोजके प्रशासक ती सगळी वाहतूक आपापल्या संस्थांच्या टेलिफोन बिलावर वाहून नेत होते. युरोपातल्या जोडण्यांना तर धर्म, वंश असल्या विषयांवरची अमेरिकी भांडणं समुद्रापार आणण्याचा खर्च नकोसा होता. तक्रार खोटी नव्हती, पैसे खरेच जात होते. उपाय म्हणून सगळ्या गटांची नव्याने नावं ठेवली गेली. संगणकाचे विषय एका शाखेत, विज्ञान दुसऱ्या, आणि वादग्रस्त गोष्टी ‘टॉक’ नावाच्या एका वेगळ्या शाखेत. हेतू हा की ज्याला नको त्याने ती शाखाच्या शाखा तोडून टाकावी. या प्रशासकांच्या गटाला लोक ‘बॅकबोन कबाल’ म्हणत. कुठला गट निघेल आणि कुठला नाही हे व्यवहारात तेच ठरवत.

आणि मग बंड झालं. ब्रायन रीड हे संगणकतज्ज्ञ पाककृतींचा एक गट चालवत. त्यांच्या गटाला दिलेलं नवं नाव त्यांना मान्य नव्हतं. जॉन गिलमोर या प्रोग्रामरना अमली पदार्थांवर चर्चा करणारा गट हवा होता आणि कबाल तो वाहून न्यायला तयार नव्हतं. मे 1987 मध्ये या मंडळींनी आपापली यंत्रं थेट जोडून ‘ऑल्ट’ नावाची पर्यायी शाखा सुरू केली. तिच्यात नवा गट काढायला कुणाची परवानगी लागत नसे. पुढे तिच्यात कचराही अमाप साठला, हे खरं. पण एक गोष्ट त्या वर्षी कायमची सिद्ध झाली: अवांतर काय हे जो वाहतुकीचा खर्च करतो तो ठरवतो, आणि ज्यांना ते पटत नाही त्यांना स्वतःची तार ओढावी लागते.

आता चौतीस वर्षं पुढे या. बेसकॅम्प ही अमेरिकेतली छोटी सॉफ्टवेअर कंपनी, साठच्या आत-बाहेर माणसं. पण प्रोग्रामर जगात तिचा दबदबा प्रचंड. तिचे एक मालक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन हे रुबी ऑन रेल्सचे जनक; दुसरे जेसन फ्राइड. दोघांनी मिळून घरून काम, शांत कार्यालय, माणुसकीचं व्यवस्थापन यांवर पुस्तकं लिहिली आणि आमच्यासारख्या हजारोंनी ती वाचून आपापल्या साहेबांना दाखवली. या कंपनीत 2009 च्या आसपासपासून एक यादी फिरत होती. ग्राहकांची जी नावं कर्मचाऱ्यांना ‘मजेशीर’ वाटत ती त्या यादीत टिपली जात. त्यात आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांची नावंही होती. मालकांना तिच्याबद्दल अनेक वर्षं माहीत होतं. कंपनी चालली, ग्राहक पैसे भरत राहिले, यादी वाढत राहिली. तिला कुणी अवांतर म्हटलं नाही, राजकारण तर नाहीच.

2021 मध्ये काही कर्मचाऱ्यांनी त्या यादीबद्दल कंपनीच्या अंतर्गत जागेवर बोलायला सुरुवात केली. असं आपल्याकडून का घडलं, ते पुन्हा घडू नये म्हणून काय करायचं, एवढंच विचारलं. वाद वाढला. 26 एप्रिल 2021 रोजी फ्राइड यांनी जाहीर केलं की कंपनीच्या खात्यावर यापुढे सामाजिक आणि राजकीय चर्चा होणार नाहीत. काही दिवसांत सुमारे एक तृतीयांश कर्मचारी नोकरी सोडून गेले.

या घटनाक्रमाकडे नीट बघा. लोकांच्या नावांना हसणं अनेक वर्षं चाललं, ते चाललं तोवर वातावरण ‘हलकंफुलकं’ होतं. हसणं चुकीचं होतं असं म्हटलं गेलं त्याच महिन्यात वातावरण ‘राजकीय’ झालं आणि दार बंद झालं. ज्यांच्या नावांना हसलं गेलं त्यांत आपल्यापैकी कुणी असू शकतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. परदेशी कॉलवर आपलं ज्ञानेश्वर, क्षितिजा, हृषीकेश हे नाव घेताना समोरच्याची होणारी चेष्टेखोर धडपड आपण सगळ्यांनी ऐकली आहे, आणि ‘मला फक्त डी म्हणा’ असं सांगून आपणच ती सोपी करून दिली आहे. त्या यादीकडे वर्षानुवर्षं काणाडोळा करणारे मालक मला माणुसकीचे धडे देण्याच्या लायकीचे उरलेले नाहीत. त्यांची पुस्तकं मी आता कुणाला सुचवत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर 2020 मध्ये, कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी असाच फतवा काढला होता आणि ज्यांना पटत नाही त्यांना पैसे घेऊन जायला सांगितलं. सुमारे साठ जण गेले. आपल्याकडच्या अनेक साहेबांचा सूरही हाच असतो. कामावर काम करा, हा त्यांचा आवडता उपदेश. हाच उपदेश करणारे साहेब शुक्रवारी संध्याकाळी सक्तीचा ‘फन ॲक्टिव्हिटी’ कॉल लावतात, दिवाळीला पारंपरिक पोशाखातले फोटो चॅनेलवर टाकायला लावतात आणि कुणी टाकले नाहीत याची नोंद ठेवतात. म्हणजे यांना अवांतराचं वावडं नाही. यांना त्यावर ताबा हवा आहे.

ताबा कशावर हवा आहे ते पगाराच्या गोष्टीत सर्वांत स्वच्छ दिसतं. 2015 मध्ये एरिका बेकर या कृष्णवर्णीय अभियंतीने आपल्या गूगलमधल्या दिवसांची हकीकत ट्विटरवर सांगितली. एका रविवारी ती आणि तिचे काही सहकारी रिकामे बसले होते, बोलता बोलता पगारांचा विषय निघाला, आणि त्यांनी आपापले आकडे एका स्प्रेडशीटमध्ये भरले. तिने ती कंपनीच्या अंतर्गत जाळ्यावर टाकली. बघता बघता आणखी लोकांनी आपले आकडे भरले आणि कामाची तुलना करून त्यातल्या काहींनी पगारवाढ मागितली, मिळवलीही. तिच्या सांगण्याप्रमाणे, साहेबांनी तिला बोलावून जाब विचारला. सहकारी एकमेकांना बक्षीस म्हणून छोटी रक्कम देऊ शकतात अशी तिथे पद्धत होती. या कामाबद्दल अनेकांनी तिचं नाव सुचवलं आणि तिच्या व्यवस्थापकाने ती बक्षिसं नामंजूर केली. अमेरिकेत सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलण्याचा हक्क 1935 च्या कामगार कायद्याने दिला आहे. त्या देशात, त्या कंपनीत ही परिस्थिती.

आपल्याकडे तर नियुक्तीपत्रातच पगार गुप्त ठेवण्याचं कलम सर्रास असतं आणि आपण ते न वाचता सही करतो. दोन मुली एकाच कॉलेजातून, एकाच दिवशी, एकाच कामावर रुजू होतात, आणि एकीला दुसरीपेक्षा दीड लाख कमी मिळतात हे पाच वर्षांनी एखाद्या लग्नाच्या पंगतीत कळतं. ते पहिल्या महिन्यात गप्पांच्या चॅनेलवर कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण तिथे कीबोर्डवर बोलणं सुसंस्कृत मानलं जातं आणि पगारावर बोलणं असभ्य. ही सभ्यता कुणाचे पैसे वाचवते?

मी एका कंपनीत होते, नाव लिहीत नाही, तिथली हकीकत सांगते. एका सकाळी आमच्यातल्या काही जणांची खाती बंद झालेली दिसली. त्यांत एक जण असा होता ज्याने मला या तंत्राची अक्षरओळख करून दिली, रात्री-अपरात्री माझ्या चुका निस्तरल्या. काहीच घोषणा नव्हती. दुपारपर्यंत कुणी काही बोलेना. मग आमच्यातल्या सर्वांत नव्या मुलाने गप्पांच्या चॅनेलवर विचारलं, दादा कुठे आहेत, बरे आहेत ना? दहा मिनिटांत त्याचा संदेश काढून टाकला गेला आणि मनुष्यबळ विभागाची सूचना आली की हे चॅनेल केवळ आनंदाच्या, हलक्याफुलक्या गोष्टींसाठी आहे, कृपया विषयाला धरून राहावं. अवांतराच्या खोलीत विषयाला धरून राहा! त्या सूचनेखाली पाच-सहा जणांनी अंगठे टाकले. ते अंगठे मी विसरलेले नाही. माणूस गेल्यावर त्याची चौकशी करणं ज्या खोलीत नियमबाह्य ठरतं, ती खोली गप्पांची नसते. ती पाळत ठेवण्याची जागा असते, आणि आपण तिथे स्वतःहून आपली मनं उघडी करून ठेवतो.

आता त्या फालमनच्या प्रसंगाकडे येते, कारण दोष फक्त मालकांचा आहे असं म्हणून मी आपल्या लोकांना मोकळं सोडणार नाही.

आपल्या बॅचच्या, आपल्या टीमच्या गप्पांमध्ये काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. नवा माणूस आला की ‘मूळ गाव कुठलं?’ उत्तर मिळालं तरी समाधान होत नाही; मग आडनावावरून अंदाज, मग ‘म्हणजे नेमके कोण?’ जेवणाच्या फोटोवरून शाकाहारी-मांसाहारीची चाचपणी. प्रवेशपरीक्षेत नंबर कितवा होता हा प्रश्न, चाळिशी ओलांडलेली माणसंसुद्धा विचारतात. आणि कुणी काही चूक केली की ‘कोट्यातला असेल’ हा शेरा, त्याच्यापाठोपाठ डोळ्यांत पाणी येईतो हसणारा चेहरा. कुणी आक्षेप घेतलाच तर तयार उत्तर: अरे गंमत केली, एवढं काय मनावर घेतोस, इथे जातीचं राजकारण आणू नकोस. जात आणली कुणी? ज्याने शेरा मारला त्याने. पण ‘राजकारण’ हा शिक्का बसतो तो ज्याने बोट दाखवलं त्याच्यावर.

याचा माग कुठवर जातो बघा. जून 2020 मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या खात्याने सिस्को कंपनीविरुद्ध दावा लावला. एका दलित अभियंत्याला भारतीय वरिष्ठांकडून जातीवरून डावललं गेलं, असा आरोप होता. तक्रारीत असं म्हटलं होतं की त्याच्या वरिष्ठाने इतर सहकाऱ्यांना सांगितलं, हा आयआयटीत आरक्षणातून आलेला आहे. दोघा वरिष्ठांविरुद्धचा भाग सरकारने 2023 मध्ये मागे घेतला, त्यामुळे ते दोषी आहेत असं मी म्हणत नाही. पण त्या तक्रारीतलं ते वाक्य वाचून भारतातल्या एकाही प्रोग्रामरला ‘असं कुणी बोलेल का?’ असा प्रश्न पडला नसेल. आपण ते वाक्य कित्येकदा ऐकलेलं आहे, चहाच्या टपरीवर, चॅनेलवर, एखाद्याच्या पाठीमागे. 2022 मध्ये गूगलमध्ये दलित इतिहास महिन्यानिमित्त तेन्मोळी सौंदरराजन यांचं व्याख्यान ठरलं होतं. काही कर्मचाऱ्यांनी अंतर्गत पत्रांमधून त्यांना हिंदूद्वेष्ट्या ठरवलं आणि व्याख्यान रद्द झालं. व्याख्यान आखणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. जातीवर टोमणे मारणं वर्षानुवर्षं चालतं, जातीवर व्याख्यान चालत नाही. बेसकॅम्पच्या यादीचीच ही भारतीय आवृत्ती आहे.

बायकांबद्दल मी वेगळं काय लिहू? रात्री अकराला चॅनेलवर मी एखादं उत्तर दिलं की ‘घरी कुणी बोलत नाही का’ हा प्रश्न मला आला आहे, माझ्या बरोबरीच्या पुरुषाला कधीच आला नाही. मी वयाने आणि पदाने वाढले तसे ते प्रश्न थांबले. म्हणजे त्यांना नेमकं ठाऊक होतं, कुणाला विचारायचं आणि कुणाला नाही. विनोद म्हणे आपोआप सुचतो. मग वरच्यांवर तो कधीच कसा सुचत नाही?

यावर एक आक्षेप प्रामाणिक लोकही घेतात. सगळंच बोलू दिलं तर कडवट भांडणं होतील, काम राहील बाजूला, चांगली माणसं कंटाळून निघून जातील. हे घडतं. मी घडताना बघितलं आहे. निवडणुकीच्या दिवसांत चांगले मित्र एकमेकांना ब्लॉक करून बसले. म्हणून मुख्य चॅनेल कामाचं ठेवावं, गप्पा वेगळ्या ठेवाव्यात, रात्रंदिवस एकच भांडण उकरणाऱ्याला थांबवावं, यात मला काहीच वावगं वाटत नाही. पायथॉनवाल्यांनी, उबुंटूवाल्यांनी तेच केलं. पण तिथे नियम लिहिलेले होते, ते कोण राबवतं हे सगळ्यांना दिसत होतं. मोठ्या कंपन्यांमध्ये नियम लिहिलेला नसतो. लिहिला तर ‘सौहार्द राखा’ एवढाच असतो, आणि त्याचा अर्थ प्रत्येक वेळी वरच्या माणसाच्या मूडवर ठरतो. शिस्तीला माझा विरोध नाही. नाव न सांगता, कारण न देता चालवलेल्या कात्रीला आहे.

ही गोष्ट आज तातडीची का, तेही सांगते. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या संकेतस्थळावर येणाऱ्या नव्या प्रश्नांचा ओघ आटत गेला. त्या जागेने वर्षानुवर्षं प्रत्येक सैल, गप्पांकडे झुकणारा प्रश्न विषयबाह्य म्हणून बंद केला होता. प्रोग्रामरांनी आवडती व्यंगचित्रं गोळा केलेला अतिशय लाडका धागासुद्धा त्यातून सुटला नाही. उत्तरं हवी होती, माणसं नको होती. आता उत्तरं यंत्र देतं, आणि तिथे थांबायला माणसांना कारण उरलेलं नाही. जिथे लोक एकमेकांना नावाने ओळखत होते, एकमेकांच्या आजारपणाची खबर घेत होते, तिथे ते यंत्र आल्यावरही भेटतात. कंपन्यांतही हेच होणार आहे. कोड यंत्र लिहील. नवख्या मुलाला कुठला निर्णय का घेतला गेला, कुणाचा शब्द खरा, कुठल्या प्रकल्पात पाय ठेवू नये हे सांगायला जुनी माणसं लागतील, आणि ती हे कागदावर लिहून देणार नाहीत. गप्पांतच सांगतील. ती जागा आताच भीतीने गोठवली, तर पुढच्या पिढीला शिकवणारं कुणी उरणार नाही.

जागा सोडूनही जाता येतं, हे आयआरसीवाल्यांनी दाखवलं. फ्रीनोड हे तेव्हा ओपन सोर्सवाल्यांचं सर्वांत मोठं आयआरसी जाळं होतं. मे 2021 मध्ये त्याच्या मालकीवरून तंटा झाला आणि ते चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी एकत्र राजीनामे देऊन लिबेरा चॅट नावाचं नवं जाळं उभारलं. नव्या पत्त्याचा उल्लेख केला म्हणून फ्रीनोडने शेकडो चॅनेल ताब्यात घेतली. काही उपयोग झाला नाही. काही आठवड्यांत मोठमोठे प्रकल्प, त्यांच्या गप्पांच्या खोल्यांसकट, नव्या जागी जाऊन बसले. सर्व्हर मालकाकडे राहिले, माणसं निघून गेली.

तेव्हा पुण्यातल्या, मुंबईतल्या, बंगळुरूतल्या, न्यू जर्सीतल्या माझ्या मराठी प्रोग्रामर मित्र-मैत्रिणींना माझं सांगणं आहे. तुमच्या चॅनेलवरचा संदेश काढून टाकण्याचा अधिकार कुणाला आहे, त्याचं नाव विचारा, आणि सगळ्यांसमोर विचारा. काढून टाकलेल्या संदेशाचं कारण मागा. आपल्या बरोबरीच्या माणसाला आपला पगार सांगा, आणि तो कंपनीच्या यंत्रावर लिहू नका. सकाळी एखाद्याचं खातं बंद दिसलं तर दुपारपर्यंत त्याला फोन करा. ‘कोट्यातला’ हा शेरा पडला की त्याच ओळीखाली, त्याच क्षणी, हे चालणार नाही असं लिहा. नंतर खाजगीत समजूत घालण्याचा काही फायदा नसतो, कारण ज्याला तो लागला त्याने तुमचं गप्प राहणं पाहिलेलं असतं. तुम्ही टीम लीड असाल तर हे सगळं तुम्ही पहिल्यांदा करायचं आहे, नव्या मुलाने नाही. आणि कंपनी ऐकतच नसेल, तर गप्पांसाठी कंपनीच्या सर्व्हरबाहेर स्वतःची खोली काढा, तिचे नियम मराठीत लिहून दाराशी लावा, आणि रुजू होणाऱ्या प्रत्येकाला आडनाव न विचारता पहिल्याच दिवशी तिच्यात घ्या.